दोर तसाच वर गेला

आमच्या खानदानात माझ्या नावावर जमीन कमी आणि गोष्टी जास्त आहेत. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की भाचरं माझ्याभोवती गोळा होतात आणि ओरडतात, "मामा, पेव! मामा, पेव!" मग मी आढेवेढे घेतो, पान लावतो, आणि सुरू करतो. गोष्ट अशी की तरुणपणी मी हरिपूरच्या मावशीकडे राहत होतो, पैजेपायी हळदीच्या रिकाम्या पेवात उतरलो, वर येता येईना म्हणून दीड दिवस खाली बसून राहिलो, आणि शेवटी मारुतीतात्यांनी दोर सोडून मला ओढून काढलं तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, बिनलग्नाचा नवरदेव होऊन बाहेर आलो. इथं पोरं फुटतात. मोठी माणसंसुद्धा, जी ही गोष्ट पन्नास वेळा ऐकून बसली आहेत, ती पदर तोंडाला लावून हसतात. ह्यात पेव खरं आहे आणि पिवळा रंग खरा आहे. बाकीचं आज लिहून टाकतो. बायको म्हणाली, आत्मचरित्र लिहायला बसलायत ना, मग लिहा सगळं. तिला वाटतं सगळं म्हणजे मी जेलमध्ये काढलेले तीन महिने. ते लिहिणं सोपं आहे. तिथं मी निदान भाकरी थापायला शिकलो. अवघड आहे ते पेव. आणि गेल्या महिन्यात एका लग्नात ह्या गोष्टीला मी आणखी एक ठिगळ लावून ठेवलंय, ते सांगायची ताकद शेवटपर्यंत उरली तर तेही सांगतो.

आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या रस्त्यावर. वडील फौजेत सुभेदार. वर्षातून एकदा घरी यायचे आणि आल्या दिवशी माझी छाती फितीनं मोजायचे. छाती काही वाढायची नाही, जीभ तेवढी वाढत होती. म्हणून बारावीनंतर मला सांगलीला धाडलं, आक्कामावशीकडे. विश्रामबागेत कॉलेज, हरिपुरात मुक्काम, आणि पहाटे नदीकाठानं पळायचं, म्हणजे पोरगं भरतीत लागेल, असा बेत. मावशीचं घर म्हणजे पुढं पडवी, मागं परडं, आणि सगळीकडे हळद. काका हळदीच्या वखारीत मुकादम होते. त्यांची नखं पिवळी, बनियन पिवळं, अंघोळ केली की मोरीतलं पाणीसुद्धा पिवळं. मी डोंगरातला, तांदळाचा माणूस. पहिले आठ दिवस मला तो वास सहन होईना, पुढं त्याशिवाय झोप येईना. मावशी चुलीवर शाळूची भाकरी थापायची, तिचा थपथप आवाज आणि संगमावरच्या देवळाची घंटा ही माझी घड्याळं. सकाळी भाकरी, मिरचीचा खरडा आणि वाटीभर दही, संध्याकाळी भडंगात कच्चा कांदा. मावशीला मूल एकच, तेही मुलगी, लग्न होऊन गेलेली. तिनं माझे फार लाड केले. माझ्या खिशात सायकलची चेन सापडली तेव्हा ती म्हणाली, "आरं, सायकल कुठं हाय मग?"

हरिपूरच्या पेवांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण आताच्या पोरांना ती कुठं दिसायची. मोठ्या पुराच्या पाण्यानं बहुतेक बुजली. पेव म्हणजे जमिनीतली रांजणासारखी खोली. तोंड एवढंसं, एक माणूस जेमतेम जाईल असं, आणि आत दोन-तीन पुरुष खोल, पोट फुगलेलं. त्यात हळद भरायची, तोंडावर शिळा ठेवायची, मातीनं लिंपायचं, की वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. किडा जगत नाही तिथं माणूस कसा जगेल? म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तासन्‌तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरायचा. हे काम करणाऱ्या गड्यांत सगळ्यांत जुने मारुतीतात्या. बुटके, काळे, आवाज बसलेला. आमच्याच आळीत राहायचे. त्यांचा मुलगा दत्तू माझ्या वयाचा.

मला पळायला शिकवलं ते दत्तूनं. त्याच्या पायात फाटके कापडी बूट, माझ्या पायात वडिलांनी कँटीनमधून आणलेले नवेकोरे. तो चिंचांच्या रांगेतून वाऱ्यासारखा जायचा आणि पुढं जाऊन माझ्यासाठी थांबायचा. "इल्या, तोंड मिट. नाकानं घे. माशा खायाला आलायस का?" माझं नाव विलास, पण हरिपुरात मी इल्याच होतो. पळून झालं की तात्यांच्या दारात तांब्याभर ताक मिळायचं. वर्षभर असं चाललं. मग कोल्हापूरच्या मैदानावर भरती निघाली आणि आम्ही दोघं गेलो. सोळाशे मीटर. मी तिसऱ्या फेरीत पोट धरून बसलो आणि सकाळचा सगळा नाष्टा एका हवालदाराच्या बुटावर ओकलो. हा भाग मी गोष्टीत रंगवून सांगतो, लोक फार हसतात. दत्तू पहिल्या पाचात आला. येताना एस.टी.त तो एक शब्द बोलला नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. मला वाईट वाटत नव्हतं. मला तो नकोसा झाला होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं लिहिणार होतो, पण ठाऊक होतं.

त्यानंतर मी पळायचं सोडलं आणि ग्रुपमध्ये घुसलो. ग्रुप म्हणजे विश्रामबागेतल्या एका पानटपरीपाशी उभी असणारी सात-आठ पोरं आणि त्यांचा बापू. बापू आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, मान तिरकी करून बोलायचा आणि कधी ओरडायचा नाही. ओरडायला आम्ही होतो. मला त्यानं "कोयनेचा वाघ" असं नाव ठेवलं. वाघ कुत्र्याला भ्यायचा, पण ते कुणाला सांगायचं नाही. काय केलं आम्ही? दुकानं बंद करायला लावली, कॉलेजच्या निवडणुकीत पोरांना दमात घेतलं, एका फोटोग्राफरचे दात पाडले कारण त्यानं बापूच्या बहिणीचा फोटो काचेत लावला होता. तो फोटो बापूच्याच आईनं काढवून घेतला होता असं मागाहून कळलं, आणि आम्ही त्यावरही हसलो. माणसाला मारलं की हाताला एक झिणझिणी येते. मैदानावर जे माझ्या अंगात नव्हतं ते इथं होतं, कारण इथं समोरचा एकटा असायचा आणि आम्ही सात. माझं शस्त्र हॉकीची काठी. वडिलांनी रेजिमेंटमधून पाठवलेली, पोरानं खेळावं म्हणून.

एकदा कॉलेजच्या फाटकाशी आम्ही एका पहिल्या वर्षाच्या पोराला मारत होतो. कारण आता आठवत नाही, ह्यावरून ते केवढं असेल ते समजा. दत्तू सायकलवरून चालला होता. तो उतरला, सायकल नीट स्टँडवर लावली, सरळ आत घुसला, बापूच्या हातातली चेन काढून घेतली आणि गटारीत फेकली. मग त्या पोराला सायकलवर बसवलं आणि निघून गेला. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "घरी जा, इल्या. मावशी वाट बगती." सगळं फाटक बघत होतं. बापूनं गटारीकडे बघितलं, मग मान तिरकी करून मला म्हणाला, "तुज्याच आळीतला हाय न्हवं? मग तूच कर. जीव नको घिऊस. निस्तं भ्या दाखीव."

नुसतं भय दाखव म्हणाला होता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं कैक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते बापूचं काम होतं. बापूचं काम एका शिवीत झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी चिंचांच्या रांगेत हॉकी घेऊन उभा राहिलो. दत्तू पळत आला. मला बघून थांबला आणि त्याचा चेहरा एवढा खुलला की काय सांगू. "आलास? लय दिसांनी रं! काठी कशाला, कुत्री लागत्यात व्हय?" बुटात खडा गेला होता त्याच्या. तो एका हातानं झाडाला टेकून दुसऱ्यानं बूट काढायला वाकला. मी मारलं ते टेकलेल्या हाताच्या कोपरावर. वखारीत व्यापारी हळकुंड चांगलं वाळलंय का ते बघायला मोडून बघतात, तेव्हा टक्‌ असा एक कोरडा आवाज येतो, आणि तो आला की सगळे खूश होतात, माल चांगला म्हणून. तसा आवाज आला. दत्तू ओरडलाही नाही. खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला, जणू मी काही बोलणार आहे आणि ते त्याला ऐकायचं आहे. दहा दिवसांनी त्याची मेडिकल होती. मला तारीख माहीत होती. म्हणूनच कोपर.

मी पळालो. सोळाशे मीटरपेक्षा नक्कीच जास्त पळालो आणि पोटात दुखलंही नाही.

बापूनं डोकं लढवलं. म्हणाला, घरी जाऊ नकोस, स्टँडवर पोलीस असतील, सांज होईतो कुठंतरी दडून राहा. गावाकडेला एक पेव रिकामं होतं, पंधरा दिवसांपूर्वीच माल काढलेलं. पोरांनी शिळा सरकवली, दोरानं मला आत सोडलं, दोर वर घेतला आणि शिळा अर्धी लोटली. वरून एकजण म्हणाला, "वाघाला पिंजऱ्यात घाटला रं!" ते हसणं आत घुमत राहिलं. सांजेला येतो म्हणाले ते आलेच नाहीत. बापू सिनेमाला गेला होता असं पुढं कळलं. मी बसून राहिलो. भिंतीला हात लावला की हात पिवळा, डोळे चोळले की डोळे झोंबायचे. जिथं घाम तिथं हळद चिकटली. तो दिवस आणि ती रात्र मी तात्यांच्या पोराचा विचार अजिबात केला नाही. भुकेचा केला. माणूस किती भिकार असतो ते त्याला खड्ड्यात घातल्यावर कळतं, आणि कुणी बघायला नसतं म्हणून तो ते कबूलही करतो.

सकाळी शिळा घासल्याचा आवाज आला. वर एवढासा गोल उजेड, आणि त्यात एक डोकं. मला वाटलं बापू. पण आधी खाली आला तो कंदील. दिवसाढवळ्या पेटवलेला, दोरीला बांधलेला, हलत हलत, अगदी माझ्या नाकापर्यंत. तो तिथं थांबला. वरचं डोकं कंदिलाकडे बघत होतं, माझ्याकडे नाही. ज्योत सरळ जळत राहिली तेव्हा कुठं तो बसका आवाज आला.

"जळतोय. म्हंजी हाईस."

मी उजेडाला हात आडवा धरला.

"काल उतरताना कंदील सोडलावता का आदी?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई."

"आरं गाढवा! मेला असतास की! पंधरा दीस झाल्यात तोंड उगडून म्हणून वाचलास. शिकिवलं न्हाई कुणी तुला? एवडा वरीसभर ऱ्हायलास गावात!"

मुलाचा हात मोडणाऱ्याला माणूस पहिली शिवी कशाची देईल? तात्यांनी कंदिलाची दिली. पेवांची तोंडं त्यांना घरच्या उंबऱ्यासारखी ठाऊक. शिळा वीतभर सरकलेली दिसली आणि ते समजले. मी खालून ओरडलो, "तात्या, म्या न्हाई मारलं त्याला."

"म्या इचारलं का तुला?"

मग दुसरी दोरी आली, तिला बुट्टी. आत दोन भाकरी, खरडा, कांदा, आणि फडक्यानं तोंड बांधलेला पाण्याचा तांब्या. "दत्त्याच्या आईनं थापलीया. शिव्या घालत थापलीया, पर थापलीया. खा."

मी खाल्लं. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण खाल्लं. मला लाज वाटून घास घशात अडकला असं लिहिलं तर छान दिसेल, पण एकही अडकला नाही. दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या, खरड्याचा कण ठेवला नाही, कांदा बुक्कीनं फोडून खाल्ला. तात्या वर उकिडवे बसून होते. माझं खाणं होईस्तोवर बोलले नाहीत. जेवणाऱ्याला बोलू नये, अशी त्यांची रीत.

"आता ऐक," ते म्हणाले. "फौजदार आलावता. दत्त्यानं नाव न्हाई सांगितलं. अंधारात कोन हुतं दिसलं न्हाई म्हणाला. मला म्हणाला, तात्या, इल्या सवता यील, तवर कुणाला काय बोलू नगंसा. म्हणून आलोय. वर ये. मी काय तुला मारत न्हाई, माज्यात ताकद बी न्हाई आता. घरला चल. त्येच्या म्होरं हुबा ऱ्हा. काय बोलायचं सुचलं न्हाई तर नगं बोलूस, निस्ता हुबा ऱ्हा. आन्‌ मग तुज्या बापाला एक फोन कर."

"बाबास्नी? कशाला?"

"मेडिकलची तारीख म्होरं ढकलाय. सुभेदार हाईत. त्येंनी सायबाला सबूद टाकला तर दोन म्हैनं मिळत्याल. तवर हाड जुळंल. डाक्टर म्हणतोय नीट ऱ्हायलं तर जुळंल. पर म्या फोन क्येला तर ते इचारणार, कसं झालं, कुणी क्येलं. ते म्या कसं सांगू? तू सांग. तुज्या तोंडानं."

वडिलांच्या शब्दाला कचेरीत किती किंमत होती मला आजही माहीत नाही. कदाचित काही नव्हती. पण तात्यांची सगळी आशा त्या एका फोनवर होती, आणि तो फोन माझ्याशिवाय कुणी करू शकत नव्हतं. तात्यांनी मोठा दोर सोडला. टोकाला पाय ठेवायला फास बांधलेला, हळदीची पोती ओढतात तो जाड दोर. तो माझ्या गुडघ्याशी येऊन थांबला. मी तो हातात घेतला. घेतला, हे खरं आहे. काथ्याचा खरखरीतपणा अजून तळव्यात आहे. एक पाय फासात घालायचा आणि "वढा" म्हणायचं, एवढंच काम होतं. मावशीच्या घरी मी ह्याहून जास्त काम अंथरूण घडी करताना करत असे.

पण मला वडिलांच्या मिशा दिसल्या. फोनवर ते आधी "जयहिंद" म्हणत, मग बोलत. त्या जयहिंदनंतर मी काय सांगणार, की तुम्ही दिलेल्या काठीनं? मला बापूची तिरकी मान दिसली. हमालाच्या हातून ओढला जाऊन मी वर येतोय आणि पोरं बघताहेत, हे दिसलं. आणि सगळ्यांच्या तळाशी एक गोष्ट होती, ती मी बायकोलाही सांगितलेली नाही. दोन महिन्यांनी दत्तूचा हात जुळला असता, तो वर्दी घालून आला असता, आणि मी त्याच्या दारात ताक पीत बसलो असतो. ते मला नको होतं. मी त्या वर्षभर ज्यांना "आवं तात्या" म्हणत आलो, त्यांना वर तोंड करून म्हणालो, "दोर घे तुजा वर, म्हाताऱ्या. तुजं पोरगं फौजेत गेलं काय आन्‌ पेवात मेलं काय, मला काय त्याचं?"

पेवात आवाज फार मोठा होतो. माझंच बोलणं माझ्या कानावर तीनदा येऊन आदळलं. तात्यांनी दोर ओढला नाही. किती वेळ, देव जाणे, तो तसाच लोंबत राहिला आणि ते तसेच वाकून बसले. एकदा दोर किंचित हलला. मला वाटलं ओढताहेत, पण त्यांनी तो हलवून फास माझ्या हाताजवळ आणला होता, मला दिसला नसेल म्हणून. मी भिंतीकडे तोंड केलं. मग दोर तसाच वर गेला, रिकामा, भिंतीला घासत. बुट्टी गेली. कंदील मात्र त्यांनी तळाला टेकवला आणि त्याची दोरी वरून सोडून दिली, ती माझ्या डोक्यावर पडली.

"कंदील ऱ्हाऊ दे खाली," ते म्हणाले. "बारीक व्हाया लागला की वरड. मी हितंच वखारीत हाय."

सांजेला बापूची माणसं आली आणि एका बांधकामावरच्या दोरानं मला ओढून काढलं, गुडघे सोलून. कंदील तेव्हाही जळत होता. मी तो विझवलासुद्धा नाही.

बापूनं मला पाटणच्या एस.टी.त बसवलं. आई म्हणाली, कॉलेजला सुट्टी लागली वाटतं, आणि माझा रंग बघून म्हणाली, कावीळ झालीय का रं तुला? तिनं मला उकडलेली भाजी आणि ताक-भात असं आठ दिवस पथ्यावर ठेवलं. ते मी निमूट खाल्लं, कारण कावीळ परवडली. गावात फोन नव्हता. कोयनानगरला एक बूथ होता, काचेचं दार असलेला. त्या दहा दिवसांत मी घाटातून तीनदा तिथं गेलो. वडिलांच्या युनिटचा नंबर पाठ होता. तिन्ही वेळा मी बापूला फोन केला. तिसऱ्यांदा बूथवाला म्हणाला, "सुभेदारांचं पोरगं न्हवं तू? बाबास्नी लावायचा का?" मी म्हणालो, "ते कामात असत्यात." अकराव्या दिवशी मी गेलो नाही. आता काही उपयोग नव्हता, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं.

त्यानंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही. सांगलीला परत गेलो, मावशीकडे मात्र नाही, आणि आणखी दोन वर्षं मी वाघ होतो. एका दुकानदाराच्या पोटात सुरा गेला, हात माझा नव्हता पण त्याची मान मी धरली होती. त्यात तीन महिने आत. वडील रजा काढून आले, जाळीपलीकडे उभे राहिले, माझ्या छातीकडे बघितलं आणि परत गेले. लोक म्हणतात विलासराव सुधारले. मी सुधारलो नाही, दमलो. बापूचं लग्न झालं, पोरं पांगली, माझे केस गेले. वाघाला टक्कल पडलं की त्याला लोक काका म्हणतात. साताऱ्यात शाळेच्या गणवेशांचं दुकान टाकलं, ते चांगलं चालतं. कोपरापर्यंतच्या बाह्या मी रोज मोजतो.

मग ही गोष्ट विनोदी कशी झाली? तर तात्यांमुळे. जेलमधून सुटून पहिल्यांदा मावशीकडे गेलो तेव्हा तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "काय रं, पैजंपायी पेवात उतारतंय व्हय कोन? बरं तर बरं, तात्यानं वर काढलं. सगळ्या गावाला सांगत हुता, पोरगं पयल्या हाकंला वर आलं म्हणून." तात्या तोवर खाटेला खिळले होते. त्यांचं घर चार दारं सोडून होतं. मी मावशीकडे दोन दिवस राहिलो आणि मागच्या परड्यातून येजा केली. त्यांनी माझ्यासाठी जी गोष्ट रचून ठेवली होती तीच मी उचलली, तिला तिखटमीठ लावलं, आणि तीस वर्षं तिच्यावर टाळ्या घेतल्या.

गेल्या महिन्यात मावशीच्या नातीचं लग्न झालं, विश्रामबागेतल्या एका कार्यालयात. बुफे होता, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी एक पंगत मांडली होती. मी आता त्यात बसतो. शेजारच्या पाटावर कोण येऊन बसलं बघितलं तर दत्तू. केस पांढरे, अंगानं अजून सडसडीत. भडंगाचं दुकान आहे त्याचं, नातवंडं आहेत. एवढ्या वर्षांत आम्ही चार-पाच लग्नांत दुरून मान हलवली असेल. "बस गड्या, हितंच बस," तो म्हणाला, "तुज्याकडं वाडपी लवकर येतो." आणि जेवायला लागला. डाव्या हातानं. उजवा हात पानाच्या बाजूला सरळ पडलेला, एखाद्या पाहुण्यासारखा.

माझ्या भाचीची सात वर्षांची चिऊ समोर येऊन उभी राहिली. "आजोबा, डाव्या हातानं जेवायचं नसतं. आमच्या मिस सांगतात."

"बरोबर हाय तुज्या मिसचं," दत्तू म्हणाला. "पर ह्यो हात तोंडापतुर येतच न्हाई बग." त्यानं हात उचलून दाखवला. कोपरात तो वाकला नाही.

"काय झालं हाताला?"

दत्तूनं हातातला घास पानात ठेवला. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चिंचेखाली बघितलं होतं तसंच, मी काही बोलणार आहे आणि त्याला ते ऐकायचं आहे असं. "ह्यो तुजा आजोबा सांगंल," तो चिऊला म्हणाला. "त्येला सगळी गोष्ट म्हाईत हाय."

आणि तो थांबला. वाढपी बासुंदी घेऊन आला, पुढं गेला. दत्तू थांबूनच होता. तोवर बाकीची पोरं जमली, "पेव! पेव!" करत. मी म्हणालो, ऐका. मी खरंच सांगणार होतो. निदान पहिला शब्द तोंडातून निघेपर्यंत.

"एकदा काय झालं," मी म्हणालो, "तुमचे हे दत्तूआजोबा एका पेवात उतरले. कंदील न सोडताच! आणि पाय घसरून असे काही आपटले..."

गोष्ट आयतीच बाहेर आली, पन्नास वेळा सांगून गुळगुळीत झालेली. फक्त माणसं बदलली. मी त्यात हवालदाराचे बूटही घातले, शिव्या घालत थापलेली भाकरी घातली, पिवळा नवरदेव घातला. पोरं लोळायची बाकी राहिली. शेवटी चिऊनं डोळे मोठे करून विचारलं, "मग त्यांना दोर कुणी सोडला?"

"मी," मी म्हणालो.

चिऊनं दत्तूकडे बघितलं. "खरंच?"

"व्हय," दत्तू म्हणाला. "लय जाड दोर हुता." आणि त्यानं डाव्या हातानं पानातला तो घास पुन्हा उचलला.